घरच्या नॅसचा क्लाउडवर बॅकअप : आधी एक फोटो परत आणा, मग बाकीचं चढवा

नेरूळपासून ऐरोलीपर्यंत आणि पलीकडे घोडबंदर रोडवर, 'जरा आमचा नॅस बघून दे' म्हणून ज्या ज्या घरी गेलो, तिथे चूक बहुतेक वेळा एकच निघाली. (नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेला, सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारा डिस्कांचा डबा.) लोकांचा क्रम उलटा असतो. नॅस जोडायचा, क्लाउडवर खातं काढायचं, सगळ्या फोल्डरांवर टिक मारायची आणि बटण दाबायचं. मग दोन-तीन आठवडे दिवा लुकलुकत राहतो. मध्येच कुठेतरी काम अडतं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. आणि नाही अडलं, तरी क्लाउडवरून एक फोटो परत उतरवून कुणी पाहिलेला नसतो.

अजून एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. नॅसमध्ये दोन डिस्क आहेत आणि एकीचं हुबेहूब दुसरीवर उमटतं, म्हणून बॅकअप झाला असं होत नाही. तुम्ही फोल्डर उडवलात की तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. एक डिस्क बंद पडली तर ही सोय कामाला येते. चोरी, आग, पाणी, व्हायरस किंवा चुकून दाबलेलं 'डिलीट', यांपैकी कशातही तिचा उपयोग नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मोठं अपलोड आठव्या टप्प्यात आहे. तिथे उडी मारू नका.

## टप्पा १ : काय पाठवायचं याची यादी

कागद-पेन घ्या आणि तीन रकाने आखा : 'गेलं तर परत मिळणार नाही', 'मिळेल, पण हाल होतील' आणि 'गेलं तर गेलं'.

पहिल्या रकान्यात घरचे फोटो, मुंजीचे-लग्नाचे मूळ व्हिडिओ आणि स्कॅन केलेली कागदपत्रं येतात : सिडकोचं वाटपपत्र, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचे जुने फेरफार. तिसऱ्यात सिनेमे, दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सॉफ्टवेअरच्या फाइली. लॅपटॉपचे आपोआप होणारे बॅकअप नॅसवर पडत असतील तर ते दुसऱ्या रकान्यात टाका आणि पहिल्या फेरीत पाठवू नका. त्या फाइली रोज बदलतात आणि तुमचं अपलोड खाऊन टाकतात.

माझ्या स्वतःच्या नॅसवर साडेतीन टीबी भरलं होतं. पहिल्या रकान्यात उतरलं ते ९०० जीबी. वेळेचा आणि पैशांचा पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर अवलंबून असतो.

थांबा : सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर फोटोंचं ॲप वापरत असाल तर फोटो दोन ठिकाणी असू शकतात. सामाईक फोटो 'फोटो' नावाच्या फोल्डरात असतात, पण प्रत्येकाचे वैयक्तिक फोटो 'होम्स' फोल्डरात त्याच्या-त्याच्या नावाखाली जातात. मोबाइलवरून आपोआप चढणारे फोटो बहुधा तिथेच असतात. 'फोटो'वर टिक लावून 'होम्स' सोडून देणारे मला वारंवार भेटतात. बायकोच्या मोबाइलमधली चार वर्षं अशीच यादीतून सुटतात.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं धरून, संगणकात तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षर एकच घेतं. बहुतेक नॅसवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. सिनॉलॉजीवर कूटबद्ध केलेला, म्हणजे पासवर्डाशिवाय न वाचता येणारा सामाईक फोल्डर असेल तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते. 'बाबांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम गडकरी रंगायतन मूळ व्हिडिओ' हे नाव मोजून पाहिलं तर १६८ बाइट भरतं. अशी फाइल त्या फोल्डरात ठेवताच येत नाही. ॲमेझॉन एस३सारख्या क्लाउडवरच्या साठ्यात फोल्डरांसकट पूर्ण नाव १०२४ बाइटमध्ये बसावं लागतं. एकात एक पाच-सहा मराठी फोल्डर असतील आणि फाइली तशाच्या तशा चढवायच्या असतील, तर आताच नावं आखूड करा. तारीख आधी आणि नाव नंतर, एवढं पुरतं.

## टप्पा २ : आधी नॅस धडधाकट आहे का?

पहिला मोठा बॅकअप डिस्कवरची जवळजवळ प्रत्येक फाइल वाचतो. पाच-सहा वर्षं चाललेली डिस्क नेमकी अशा वेळी मान टाकते. म्हणून :

१. नॅसच्या सेटिंगमधून डिस्कची तब्येत तपासणारी 'स्मार्ट' चाचणी चालवा, छोटी नाही, सविस्तर. मोठ्या डिस्कला ती रात्रभर चालते. तक्रार निघाली तर इथेच थांबा आणि आधी डिस्क बदला.

२. पहिल्या रकान्यातला सगळा माल एका यूएसबी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. क्लाउडचं काम पुरं व्हायला दिवस लागणार आहेत. तेवढ्या दिवसांत काही झालं तर हाताशी काहीतरी हवं. ही डिस्क पुढेही जपा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना हिशोब तिच्यामुळेच पुरा होतो.

३. नॅस राउटरला केबलने जोडा. हॉलमध्ये राउटर आणि बेडरूमच्या कपाटात रिपीटरवर नॅस, असं चालणार नाही.

४. नॅस यूपीएसवर घ्या आणि यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावा. ती वायर बरेच जण डब्यातच ठेवून देतात. तिच्यामुळेच बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळतं आणि तो नीट बंद होतो. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात वीज दहा मिनिटांत चारदा ये-जा करते तेव्हा ही वायर डिस्क वाचवते. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर लावा, नाहीतर नॅस जिवंत आणि नेट मेलेलं अशी गंमत होते.

५. नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. नंतर नाही, आताच.

थांबा : क्लाउडवर बॅकअप घ्यायला राउटरवर एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावा लागत नाही. नॅस स्वतः बाहेर जोडणी करतो, बाहेरून कुणी आत यायची गरज नसते. तुमच्या नेटवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसेल तरी काही अडत नाही. कुणाच्या सांगण्यावरून पोर्ट उघडले असतील तर बंद करा आणि राउटरमधली आपोआप पोर्ट उघडून देणारी यूपीएनपीची सोयही बंद करा. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसांनी इंटरनेटवर उघडे पडलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून फाइलींना कुलपं लावली. क्यूलॉकर आत शिरला तो क्यूनॅपच्या बॅकअप ॲपमधल्याच एका त्रुटीतून. ॲप अद्ययावत ठेवा हे मी उगीच म्हणत नाही.

## टप्पा ३ : नेटचं माप

स्पीड टेस्ट केबलवरून, रात्री नऊ-दहाच्या सुमारास करा. आकडा अपलोडचा बघायचा. दारावर चिकटवलेल्या जाहिरातीतला '२०० एमबीपीएस' हा बहुधा डाउनलोडचा असतो. फायबरवर दोन्ही वेग पुष्कळदा सारखे मिळतात. गच्चीवरून केबल ओढून नेट देणाऱ्या लोकल ऑपरेटरकडे अपलोड खूपच कमी असू शकतं.

हिशोब सोपा आहे : जीबी गुणिले २.२, भागिले अपलोडचे एमबीपीएस, म्हणजे तास. माझे ९०० जीबी आणि अपलोड ३० एमबीपीएस. आले ६६ तास. फक्त रात्री ११ ते सकाळी ७ चालवलं तर नऊ रात्री. प्रत्यक्षात वेग कधी पूर्ण मिळत नाही, म्हणून मी बारा रात्री धरल्या. अपलोड १० एमबीपीएसच असेल तर एका टीबीला दिवसरात्र चालवून सव्वानऊ दिवस लागतात. तेव्हा एकतर प्लॅन बदला किंवा यादी आणखी छाटा.

तपासा : अनेक 'अनलिमिटेड' घरगुती प्लॅनमागे महिन्याला ३३०० जीबीच्या आसपासची मर्यादा असते, आणि त्यात अपलोडही मोजलं जातं. ती ओलांडली की वेग गोगलगायीचा होतो. तुमचं मोठं अपलोड आणि घरातली आयपीएलची मॅच एकाच महिन्यात आली तर आधी आकडा बघा.

## टप्पा ४ : जागा कुठली, आणि पैसे कसे

गुगल ड्राइव्हसारख्या सेवा जमतात, पण नॅससाठी बॅकब्लेझ बी२, वसाबी किंवा ॲमेझॉन एस३ असा वापराप्रमाणे बिल येणारा साठा मला जास्त सरळ वाटतो. सिनॉलॉजीची स्वतःची सी२ सेवा आहे. खटपट नको असेल तर ती घ्या.

दर बघताना फक्त साठवणीचा आकडा बघू नका. बी२चा दर ऑक्टोबर २०२३मध्ये टीबीमागे महिन्याला ५ वरून ६ डॉलर झाला. त्या दराने ९०० जीबीला साधारण पाचशे रुपये होतात. (घ्यायच्या दिवशी चालू दर पाहून घ्याच.) साठवलेल्याच्या तिप्पट डेटा महिन्याला फुकट उतरवता येतो. वसाबीच्या वापराप्रमाणे बिलात किमान एक टीबीचे पैसे लागतात आणि फाइल ९० दिवसांच्या आत उडवली तरी ९० दिवसांचं भाडं द्यावं लागतं. ॲमेझॉनचा डीप आर्काइव्ह साठवायला फारच स्वस्त, पण फाइल मागितल्यावर हातात यायला १२ तास लागतात, स्वस्त पर्याय घेतला तर ४८ तासांपर्यंत. शिवाय १८० दिवसांचं किमान भाडं. आणि ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून माल बाहेर काढायला जीबीमागे सुमारे ११ सेंट पडतात, म्हणजे एक टीबी परत आणायचा तर साधारण शंभर-एकशे दहा डॉलर. साठवणं स्वस्त आणि सोडवणं महाग, असा हा सोनं गहाण ठेवण्यासारखा प्रकार आहे. घरच्या फोटोंसाठी मी तो घेत नाही.

केंद्र मुंबईचं निवडावं की परदेशातलं? ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात मोठाली डेटा सेंटर्स आहेत. ती तुमच्या तळमजल्याच्या फ्लॅटपेक्षा पावसाला नक्कीच जास्त तयार असतात. पण २६ जुलै २००५ ज्याने पाहिला, त्याला दुसरी प्रत दुसऱ्या शहरात असावी असंच वाटणार. मी सिंगापूर निवडलं. वेगात जाणवेल असा फरक पडला नाही.

आता पैसे. इथे लोक हमखास फसतात. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी मंजुरी नोंदवावी लागते. परदेशी कंपनीकडे ही सोय नसेल किंवा तुमच्या बँकेने व्यवहार अडवला तर बिल थकतं. स्मरणपत्रं जातात ती कधीच न उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर, आणि काही काळाने खातं बंद होतं. एका परिचितांचं दीड वर्षाचं अपलोड असंच गेलं. म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना ते बघा, खात्याला रोजचा ईमेल द्या, आणि पहिली दोन बिलं खरोखर कापली गेली का ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पाहा.

## टप्पा ५ : बकेट आणि किल्ली

क्लाउडवर एक नवी बकेट, म्हणजे फाइलींचा स्वतंत्र कप्पा, काढा, खाजगी, फक्त या कामासाठी. मग नॅससाठी वेगळी किल्ली, म्हणजे त्याला बकेटमध्ये शिरू देणारा कोड, बनवा. तिला अधिकार फक्त या एका बकेटपुरते द्यायचे. संपूर्ण खात्याची मुख्य किल्ली नॅसमध्ये टाकू नका. किल्लीचा गुप्त भाग पडद्यावर एकदाच दिसतो, तेव्हाच उतरवून घ्या.

खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि मोबाइल हरवला तर वापरायचे राखीव कोड कागदावर छापा.

तपासा : बी२वर बकेट आपणहून 'सगळ्या आवृत्त्या ठेवा' अशी लावलेली असते. नॅसने जुना माल उडवला तरी तो बकेटमध्ये लपून राहतो आणि बिल फुगत जातं. बकेटच्या नियमांत उडवलेला माल ३० दिवसांनी कायमचा जाईल असं लावा. लगेच जाईल असं मात्र लावू नका. नॅसवरच कुणी घुसलं तर ते तीस दिवस उपयोगी पडतात.

## टप्पा ६ : काम लावणं, म्हणजे सिंक नको, बॅकअप हवा

सिनॉलॉजीवर दोन ॲप शेजारीशेजारी दिसतात, क्लाउड सिंक आणि हायपर बॅकअप. लोक पहिलं उघडतात, कारण ते सोपं दिसतं. सिंक म्हणजे आरसा. नॅसवर जे होईल ते तिथेही होतं, डिलीटसुद्धा. तुम्हाला हवं ते हायपर बॅकअप. क्यूनॅपवर हायब्रिड बॅकअप सिंक या एकाच ॲपमध्ये दोन्ही पर्याय आहेत. त्यातला बॅकअप निवडा आणि आवृत्त्या ठेवायची सोय चालू करा.

काम तयार करताना आता फक्त एकच छोटा फोल्डर निवडा, कागदपत्रांचा, पाच-दहा जीबीचा. बाकीचे नंतर जोडता येतात.

कूटबद्धीकरण आताच चालू करा. हायपर बॅकअपमध्ये ते चालू कामाला नंतर लावता येत नाही, काम पुन्हा नव्याने सुरू करावं लागतं. पासवर्ड तुम्ही ठरवाल आणि एक किल्लीची फाइल आपोआप डाउनलोड होईल. पासवर्ड आणि ही फाइल दोन्ही गेलं तर जगात कुणीही तुमचे फोटो उघडू शकणार नाही, कंपनीही नाही.

आणि ही किल्ली लोक कुठे ठेवतात? नॅसवर! घराची चावी घरात ठेवून दार ओढून घेण्याचा हा प्रकार. पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, शून्य आणि ओ यांतला फरक कळेल असा. एक प्रत पाकिटात घालून कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा डोंबिवलीच्या भावाकडे. किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर, त्याच पाकिटात.

आवृत्त्या किती दिवसांच्या? लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि त्याने नॅसवरच्या फाइली बिघडवल्या तर त्या रात्रीचा बॅकअप बिघडलेल्या फाइलीच इमानेइतबारे वर नेतो. सात दिवसांच्याच आवृत्त्या ठेवल्या असतील आणि तुम्ही गणपतीला दहा दिवस कोकणात असाल, तर परत येईपर्यंत चांगली प्रत एकही उरलेली नसते. किमान तीन महिने मागे जाता आलं पाहिजे. हायपर बॅकअपमधली 'स्मार्ट रिसायकल' पद्धत महिनाभर रोजची आणि त्यापुढे आठवड्याची एक आवृत्ती ठेवते. ती निवडली की डोकेफोड नाही, फक्त आवृत्त्यांचा एकूण आकडा पुरेसा मोठा ठेवा.

## टप्पा ७ : परत आणून बघा

हा टप्पा गाळणाऱ्यांनी बाकीचे टप्पे केले काय अन् न केले काय.

१. छोटा फोल्डर चढला की बॅकअपच्या यादीतून एक फाइल निवडा आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवा. मूळ जागी 'रिस्टोअर' दाबू नका, ते आहे त्यावर लिहितं.

२. फाइल उघडा. नुसतं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. पीडीएफची शेवटची पानं बघा, मराठी नाव शाबूत आहे का बघा.

३. आता खरी परीक्षा. नॅस बंद करा. नॅस चोरीला गेला आहे असं समजा आणि फक्त पाकिटातल्या कागदांवरून, दुसऱ्या लॅपटॉपवर तीच फाइल मिळवा. बकेटमध्ये तुम्हाला फोटो दिसणार नाहीत, अगम्य नावांचे तुकडे दिसतील. ते उघडायला सिनॉलॉजीचं हायपर बॅकअप एक्सप्लोरर हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर लागतं. त्यासाठी बॅकअपचे तुकडे आधी संगणकावर उतरवून घ्यावे लागतात, आणि चाचणीचा फोल्डर छोटा ठेवला तो याचसाठी. क्यूनॅपवर क्यूडीडप पद्धत वापरली असेल तर तिचं वेगळं उलगडणारं सॉफ्टवेअर आहे.

पहिल्या झटक्यात हे कुणालाच जमत नाही. मला पासवर्डातला एक कॅपिटल एस नडला होता. दहा जीबीवर नडला म्हणून हसलो, ९०० जीबी चढवून झाल्यावर नडला असता तर हसू आलं नसतं.

## टप्पा ८ : आता मोठं अपलोड

फोल्डर एकेक करून जोडा, महत्त्वाचा आधी. एक पूर्ण झाला की दुसरा. मध्येच नेट गेलं तर काम जिथे थांबलं तिथून पुढे सरकतं का, हे पहिल्या फोल्डरवरच कळतं.

वेगावर मर्यादा घाला, अपलोडच्या साधारण ६०-७० टक्के. पूर्ण अपलोड नॅसने व्यापलं की घरातलं डाउनलोडही खोळंबतं, कारण पोच पाठवायलाही वाट उरत नाही. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये चेहरे गोठतात आणि घरचे नॅसचं बटण बंद करतात. वेळ रात्रीची लावा.

## टप्पा ९ : नंतरची देखरेख

काम फसलं तर ईमेल येईल अशी सूचना लावा. यश आल्याची सूचना आठवड्याला एकच पुरे. रोज आली की चौथ्या दिवसापासून कुणी वाचत नाही, आणि मग फसल्याचीही तशीच जाते.

बॅकअपची अखंडता तपासण्याची सोय महिन्यातून एकदा चालेल अशी ठेवा. दर तीन महिन्यांनी सातव्या टप्प्यातली पहिली दोन पावलं पुन्हा करा, दर वेळी वेगळा फोल्डर घेऊन. नवा सामाईक फोल्डर केलात तर तो बॅकअपच्या कामात आपोआप येत नाही, हेही तेव्हाच पडताळा.

वर्षातून एकदा पाकीट उघडा. कार्डाची मुदत संपत आली आहे का, ईमेल आणि मोबाइल नंबर तेच आहेत का, पेनड्राइव्ह वाचता येतो का. आणि त्या दिवशी सातव्या टप्प्यातलं तिसरं पाऊल तुम्ही करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी करायला सांगा. शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. कागदावर जिथे ती व्यक्ती अडेल, तिथे पेनने दुरुस्ती करा.